‘व्हायरल झाली’ : कर्ता कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आतल्या पानावर तीन परिच्छेदांची एक बातमी होती. मथळा : ‘तरुणीची अश्लील छायाचित्रे व्हायरल’. मी एकतीस वर्षं मुद्रितशोधक होते. निवृत्त झाले तरी सवय सुटत नाही. पेपर वाचायला बसते ती हातात लाल पेन घेऊनच. त्या मथळ्यापुढे समासात मी आपसूक लिहिलं : ‘कर्ता?’

तसा त्या वाक्यात कर्ता आहे. ‘छायाचित्रे व्हायरल झाली’ यात व्याकरणाने कर्ता म्हणजे छायाचित्रंच. जणू ती रात्री आपणहून उठली, पायांत चपला सरकवल्या आणि हिंडायला बाहेर पडली. बातमी शेवटपर्यंत वाचली. तरुणीचं वय होतं, शिक्षण होतं, ती कुठल्या प्रकारची नोकरी करते तेही होतं, ‘प्रेमसंबंधातून हा प्रकार घडला’ असंही होतं. ज्याने ते फोटो टाकले त्याच्या वाट्याला मात्र एक शब्द आला होता : ‘एकाविरुद्ध’.

एरवी मी लाल खुणेवर समाधान मानलं असतं. पण हा विषय आमच्या घरात येऊन गेला आहे. जिच्यावर हे गुदरलं तिच्या परवानगीने लिहिते आहे, ओळखीच्या काही खुणा बदलून.

साधारण वर्षापूर्वी रात्री पावणेबाराला भाचीचा फोन आला. ‘आत्या, तुझ्या कुठल्या ग्रुपवर काही आलंय का गं?’ आवाज इतका सपाट, की मला वाटलं कुणीतरी गेलं. ‘काय यायचं होतं?’ मी विचारलं. पलीकडे नुसता श्वास. मग तीन तुटक वाक्यांत तिने सांगितलं. ज्याच्याबरोबर ती दोन वर्षं होती आणि ज्याच्याशी तिने तीन आठवड्यांपूर्वी संबंध तोडले होते, त्याने तिचे खासगी फोटो टाकले होते. तिच्याच नावाचं खोटं खातं उघडून आणि तिच्या ऑफिसातली माणसं त्या खात्याला जोडून घेऊन.

यावर मी काय बोलले ते लिहायला मला वर्ष लागलं. मी म्हणाले, ‘अगं, पण असले फोटो काढलेस कशाला?’

सहा शब्द. त्यातल्या ‘काढलेस’मधला शेवटचा ‘स’ पाहा. ‘तू’ हा शब्द वाक्यात नाही, तरी त्या ‘स’मुळे बोट बरोबर तिच्याकडे जातं. शाळेत याला कर्तृ-कर्मसंकर प्रयोग म्हणून शिकवतात : क्रियापद कर्माचंही ऐकतं आणि कर्त्याचंही. म्हणजे ज्याने हे केलं तो त्याच्या वाक्यातून गायब, आणि जिच्यावर हे झालं ती तिच्या वाक्यात नाव न घेताही हजर. यात मराठीचा दोष नाही, बोलणारीचा आहे.

माझ्या भावाला चार दिवसांनी कळलं. म्हणजे आम्हीच सांगितलं. त्याला व्याकरण आयुष्यात जमलं नाही, शाळेत त्याचे निबंध मी लिहून द्यायची. पण त्याचा पहिलाच प्रश्न बरोबर होता : ‘टाकले कुणी?’ (पुढचं वाक्य ‘त्याला बघतोच आता’ असं होतं, आणि गाडीची किल्ली लपवून ठेवावी लागली. सज्जनपणा म्हणून नव्हे. हात उचलला असता तर फिर्यादी तो झाला असता आणि आरोपी आमचा माणूस.)

माझी दुसरी चूक पहिलीइतकीच मोठी. त्याच फोनवर मी तिला म्हणाले, ‘आधी सगळं पुसून टाक. त्याचे मेसेज काढ, नंबर ब्लॉक कर, खातं बंद कर.’ घाबरलेल्या माणसाला साफसफाईच सुचते. तिने ऐकलं. त्या साफसफाईत त्याचा एक मेसेज गेला. संबंध तोडल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने लिहिलं होतं, आता मी काय करतो ते बघच. गुन्ह्याच्या आधीच गुन्हेगाराने स्वहस्ते लिहून दिलेला कागद, आणि तो मी फाडायला लावला.

निभावलं ते तिच्या एका मैत्रिणीमुळे. तिने ते खातं दिसताक्षणी कुणाला काही पाठवलं नाही, पोस्टखाली चार खडे बोल लिहायच्याही फंदात पडली नाही. आपल्या फोनवर त्या पानाचा स्क्रीनशॉट घेतला, वर वेळ दिसेल असा, आणि खात्याची लिंक उतरवून ठेवली. लिंक का, ते मला नंतर कळलं. खात्यावर दिसणारं नाव आणि फोटो माणूस घटकेत बदलू शकतो. त्या खात्याला मिळालेला पत्ता इतक्या सहज बदलत नाही, आणि तक्रार तपासणाराही त्या पत्त्यानेच शोधतो. ‘अमक्या नावाचं खातं आहे’ एवढंच कळवलं तर त्याला त्या नावाची दोनशे खाती सापडतात.

दुसऱ्या दिवसापासून मी वही केली. दोनशे पानी, आडव्या रेघांची. रकाने आखले : तारीख, वेळ, कुठे दिसलं, लिंक, कुणी टाकलं, कुणाकडे तक्रार केली, तक्रार क्रमांक, उत्तर काय आलं, काढलं का. या कामाला कुठलंही तंत्रज्ञान लागत नाही, चिकाटी लागते, आणि ती माझ्याकडे होती. पाठपुराव्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो तक्रार क्रमांकाचा रकाना. पोलिसांकडे गेलो तेव्हा वहीच्या प्रती समोर ठेवल्या. तिथल्या माणसाने आधी तेच सहा शब्द विचारले, ‘स’सकट; पण वही चाळल्यावर त्याचा सूर बदलला. ज्या फोनवर धमक्या येतात तो फोन ‘रीसेट’ करू नये, विकू नये, तसाच जपून ठेवावा, हेही तिथेच कळलं.

नोंदी करायच्या म्हणजे ती पानं उघडावी लागतात. पहिल्या दिवशी भाची स्वतः बसली. चार लिंका झाल्या आणि ती उठून न्हाणीघरात गेली ती पाऊण तास बाहेर आली नाही. तेव्हा मी म्हणाले, हे मी करते. ती म्हणाली, ‘तू बघशील?’ त्या दोन शब्दांत काय काय होतं ते ज्याचं त्याने समजावं. प्रूफं वाचताना खालच्या ओळी झाकायला आम्ही जाड कागदाची एक पट्टी वापरायचो, म्हणजे नजर पुढे पळत नाही. तसला जाड पुठ्ठा मी कापून घेतला, पडद्यावर जिथे चित्र येतं तिथे चिकटपट्टीने लावला आणि वरचा पत्ता तेवढा उघडा ठेवला. तिच्या चार धरून एकोणतीस लिंका वहीत उतरल्या. त्यातला एकही फोटो मी पाहिलेला नाही, आणि हे तिला माहीत आहे. आमच्या दोघींच्या नात्यात त्या पुठ्ठ्याने जे केलं ते माझ्या कुठल्याही समजुतीच्या बोलण्याने झालं नसतं.

आता तक्रारीविषयी, कारण इथेही प्रश्न शब्दाचाच निघाला. पोस्टच्या कोपऱ्यात तक्रारीची सोय असते, ती दाबली की कारण विचारतात. आम्ही तीन वेळा ‘नग्नता, अश्लीलता’ हे कारण निवडलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, ही पोस्ट आमच्या नियमांचा भंग करत नाही. तिसऱ्या उत्तरानंतर भाची जे हसली ते रडण्यापेक्षा वाईट होतं. मग तिच्या त्याच मैत्रिणीने आतल्या यादीत खाली जाऊन दुसरं कारण शोधलं : ‘खासगी छायाचित्र, परवानगीशिवाय’. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोस्ट गेली. फोटो तोच, खातं तेच, कंपनी तीच. पहिल्या प्रश्नात कंपनी कपडे मोजत होती, दुसऱ्यात परवानगी. संपादक महाराज, आपल्या मथळ्यातला ‘अश्लील’ हा शब्दही कपडेच मोजतो.

एक जागा बंद झाली की दुसरीकडे उगवतं. त्यावर ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची एक सोय आहे (एनसीआयआय म्हणजे संमतीविना पसरवलेल्या खासगी प्रतिमा, त्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं), ती सगळ्यांना ठाऊक असायला हवी. ब्रिटनमध्ये २०१५ पासून अशा प्रकरणांत मदत करणारी एक हेल्पलाइन आहे. ती चालवणाऱ्या संस्थेनेच डिसेंबर २०२१ मध्ये ही सोय सुरू केली. जगात कुठूनही वापरता येते, पैसे पडत नाहीत. भाचीला सांगितलं तेव्हा ती दचकली. ‘म्हणजे आणखी एका ठिकाणी फोटो द्यायचे?’ नाही, द्यायचे नाहीत, तीच तर त्यातली गंमत आहे. फोटो आपल्याच फोनमध्ये राहतो. तिथल्या तिथे त्याचा एक आकडी ठसा तयार होतो, अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ. अंगठ्याच्या ठशावरून माणसाचा चेहरा काढता येत नाही, तसा या ओळीवरून फोटो परत तयार करता येत नाही. तेवढी ओळ सामील झालेल्या कंपन्यांकडे जाते. त्या आपल्याकडे येणाऱ्या चित्रांचे ठसे तिच्याशी ताडून पाहतात, जुळला तर चित्र अडवतात किंवा उतरवतात. म्हणजे फोटो अजून कुठेच टाकलेला नाही, नुसती धमकी आहे, तेव्हाही हे करून ठेवता येतं. आम्हाला हे नवव्या दिवशी कळलं. पहिल्या रात्री कळलं असतं तर बरंच वाचलं असतं.

याला मर्यादा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. जी कंपनी सामील नाही तिच्यावर याचा काही इलाज चालत नाही. मूळ फोटो आपल्याकडे नसेल तर ठसा काढायचा कशाचा? फोटो फार कापला-छाटला, बदलला तर ठसा जुळेलच असं नाही. आणि जे मेसेज दोन फोनांच्या मध्ये कुणालाच वाचता येत नाहीत अशा कुलपात जातात, त्या कुलपाच्या आत हा ठसा पोचत नाही.

शोधयंत्राकडे वेगळा अर्ज करावा लागतो, हेही पुष्कळांना माहीत नसतं. संमतीविना टाकलेले असे फोटो नाव शोधल्यावर दिसू नयेत, यासाठीचे अर्ज गूगल २०१५ पासून घेतं. त्याने मूळ पानावरचा फोटो जात नाही. पण नोकरी देणारा माणूस नाव शोधतो ते तिथेच, मूळ पानावर सहसा कुणी थेट जात नाही. आमच्यापुरतं बोलायचं तर भाचीला पहिली शांत झोप लागली ती हा अर्ज मंजूर झाल्यावर.

आणि एक विनोद सांगते, कडू आहे. एक परदेशी संकेतस्थळ होतं, ते कुठल्याच विनवणीला दाद देईना. शेवटी कुणीतरी सुचवलं, फोटो तिने स्वतः काढलाय ना? मग त्याचा प्रताधिकार, म्हणजे कॉपीराइट, तिचा. प्रताधिकारभंगाची नोटीस पाठवा. पाठवली, आणि फोटो उतरला. माणूस म्हणून तिचं कुणी ऐकलं नाही, छायाचित्रकार म्हणून ऐकलं. एकतीस वर्षं पुस्तकांच्या चौथ्या पानावर ‘सर्व हक्क स्वाधीन’ ही ओळ मी यांत्रिकपणे तपासली. त्या दिवशी तिचा अर्थ कळला.

आता मला जे बोलायचं आहे ते तुमच्या-माझ्यासारख्यांविषयी, म्हणजे ज्यांच्या फोनवर हे येऊन पडतं त्यांच्याविषयी.

भाचीला तिच्या ओळखीच्या तिघांनी तेच फोटो पाठवले. ‘काळजी वाटली म्हणून पाठवतोय’, ‘हे तूच आहेस का?’, आणि तिसऱ्याने नुसताच फोटो, खाली जोडलेले हात. तिघंही भली माणसं आहेत. तिघांनीही तिला तो फोटो पुन्हा एकदा दाखवला, आणि तिघांच्याही फोनमध्ये त्याची प्रत राहिली. सांगायचंच असेल तर फोन करावा. ‘तुझ्या नावाने एक वाईट गोष्ट कुणीतरी टाकली आहे. मी पाहत बसलेलो नाही, कुणाला पाठवलेली नाही, लिंक जपून ठेवली आहे, हवी तेव्हा माग.’ एवढंच. चौथ्या माणसाने, तिच्या ऑफिसातल्या एका वयस्कर शिपायांनी, जवळजवळ हेच केलं. ‘ताई, मी ते उघडलं नाही. तक्रार कशी करायची सांगा, करतो.’ भाची आजही त्यांचं नाव काढते.

आणि कबूल करायचं तर सगळंच करते. भाचीच्या फोनच्या दोनेक वर्षं आधी आमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर एका अनोळखी मुलीचा असाच फोटो आला होता. टाकणारा आमच्यातलाच. खाली नऊ हसरे चेहरे उमटले, एकाने ‘ग्रुपची शिस्त पाळा’ एवढं लिहिलं, आणि मी, जिला ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की गप्प बसवत नाही, ती अंगठ्याने पुढे सरकले. शिस्त! ती मुलगी कोण, हा फोटो कुणी टाकला, तिला हे माहीत आहे का, यातला एकही प्रश्न मी विचारला नाही. ती कुणाची तरी भाची होती असं आता लिहिणार होते, पण थांबते. ती कुणाचीच कुणी नसती तरी फोटो तिचाच होता.

२०१४ मध्ये हॉलीवूडच्या अनेक अभिनेत्रींचे खासगी फोटो खाती फोडून चोरले गेले, तेव्हा त्यांतल्याच जेनिफर लॉरेन्सने एका मुलाखतीत ठणकावून सांगितलं होतं की याला भानगड म्हणू नका, हा लैंगिक गुन्हा आहे. बघत बसणाऱ्यांनाही तिने त्या गुन्ह्याच्या साखळीत धरलं होतं. तेव्हा मला ते जास्त वाटलं होतं. असे फोटो पसरवण्याला इंग्रजीत ‘रिव्हेंज पॉर्न’ म्हणतात, तो शब्दप्रयोगही ‘भानगड’च्याच जातीचा. सूड म्हटलं की तिने आधी काहीतरी केलं असणार हे गृहीत. आणि दुसरा शब्द असा, की जणू तिने हे प्रेक्षकांसाठी केलं. ज्या ब्रिटिश हेल्पलाइनचा वर उल्लेख केला तिच्या नावातच हे शब्द आहेत, पण या क्षेत्रात काम करणारे आता ते टाळतात आणि संमतीविना पसरवलेल्या खासगी प्रतिमा असं म्हणतात. लांब आहे, कबूल. दोन रकान्यांच्या मथळ्यात मावत नाही, हेही मला तुमच्याइतकंच कळतं.

‘काढले कशाला’ या प्रश्नाचं उत्तर कायद्याने कधीच देऊन ठेवलं आहे, आपणच वाचत नाही. फिलिपाइन्सच्या २००९ च्या कायद्यातच लिहून ठेवलं आहे की फोटो काढायला संमती दिली म्हणजे पसरवायला दिली असं होत नाही. आपल्याकडे २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत आलेल्या आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये असलेल्या तरतुदीच्या स्पष्टीकरणातही तेच आहे : काढू दिलं, पण तिसऱ्याला द्यायला संमती नव्हती, तर देणं हा गुन्हा. (हे कलम फक्त स्त्रियांसाठी आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-ई मात्र कुणालाही लागू होतं.) इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याला एक भोक होतं; त्रास देण्याचा हेतू होता हे सिद्ध करावं लागायचं, त्यामुळे ‘गंमत म्हणून टाकला हो’ म्हणणारा सुटायचा. ते भोक २०२३ च्या कायद्याने बुजवलं, आणि ३१ जानेवारी २०२४ पासून संमती नव्हती एवढं पुरतं. आमच्या ग्रुपवरच्या ‘गंमत म्हणून’ टाकणाऱ्याला मी हे वाक्य पाठवलं आहे. ऑस्ट्रेलियात तर अशा कामांसाठी ई-सेफ्टी कमिशनर हे सरकारी पद आहे, फोटो २४ तासांत उतरवण्याची नोटीस ते कंपनीला बजावू शकतं. अमेरिकेने १९ मे २०२५ रोजी केलेल्या कायद्यात रीतसर विनंतीनंतर ४८ तासांची मुदत ठरवली आहे, आणि संगणकाने बनवलेल्या खोट्या प्रतिमाही त्यात येतात.

मेक्सिकोची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. तिथे ओलिम्पिया कोराल मेलो या तरुणीची खासगी चित्रफीत पसरवण्यात आली. लपून बसण्याऐवजी तिने कायदा बदलण्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला. तिच्या पुएब्ला राज्यात २०१८ मध्ये आणि देशभर २०२१ मध्ये तरतुदी बदलल्या, आणि लोक त्या कायद्याला तिच्याच नावाने ओळखतात. ज्या नावाची बदनामी करायची होती ते नाव कायद्याला लागलं.

‘मुलींनी असे फोटो काढूच नयेत’ म्हणणाऱ्यांना आणखी एक आकडा देते. डीपट्रेस या संस्थेने २०१९ मध्ये आंतरजालावरच्या ‘डीपफेक’, म्हणजे एकाचा चेहरा दुसऱ्याच्या अंगावर बसवून संगणकाने बनवलेल्या, चित्रफिती मोजल्या. त्यातल्या ९६ टक्के संमतीविना बनवलेल्या लैंगिक चित्रफिती होत्या. तिथे फोटो काढण्याचा प्रश्नच नाही, लग्नसमारंभातला किंवा पदवीदानाचा चेहरा पुरतो. आता विचारा, ‘चेहरा ठेवलास कशाला?’

मुलग्यांबद्दलही थोडं. अनोळखी ‘मुलगी’ ओळख काढते, व्हिडिओ कॉल होतो, आणि मिनिटाभरात पैशाची मागणी येते : नाहीतर तुझ्या सगळ्या यादीला पाठवतो. यात सापडणारे बहुतेक मुलगेच असतात, आणि ते घरी बोलत नाहीत. पैसे देऊ नयेत. दिल्याने धमकी थांबत नाही, देणारा सापडला एवढंच पलीकडच्याला कळतं. उत्तर देणं थांबवावं, संभाषण पुसू नये, आणि घरातल्या एका तरी माणसाला त्याच रात्री उठवावं. उठवलेल्या माणसाने ‘स’ लावून प्रश्न विचारू नये.

अठराच्या खालच्या मुलांचं प्रकरण असेल तर माझी वहीची पद्धत जशीच्या तशी वापरू नका. त्या फोटोचा स्क्रीनशॉट घेणं, तो जवळ ठेवणं, ‘पुरावा म्हणून’ कुणाला पाठवणं, हाच बहुतेक ठिकाणी गुन्हा आहे. फक्त पत्ता, खात्याचं नाव आणि वेळ उतरवावी, आणि थेट पोलीस. ठशाची सोय त्यांच्यासाठी वेगळी आहे, तिचं नाव ‘टेक इट डाउन’, अमेरिकेतल्या बेपत्ता व शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची. मुलाला आपलं नावही द्यावं लागत नाही.

आपल्याला विनंती करायची आहे ती साधी आहे. मथळा ‘तरुणीची खासगी छायाचित्रे पसरवली, माजी प्रियकरावर गुन्हा’ असा झाला असता. अक्षरं मोजली, थोडी वाढतात, पण टंक अर्धा पॉइंट बारीक केला तर दोन ओळींत बसतं. ‘अश्लील’ काढा. तिचं शिक्षण, नोकरी, राहण्याचा भाग काढा. यातल्या दोन गोष्टी जोडल्या की ओळखीच्या माणसाला नाव कळतं. फोटो धूसर करूनही छापू नका. कुठल्या संकेतस्थळावर होतं ते लिहू नका, बातमी वाचून शोधायला जाणारे कमी नसतात. आणि ‘प्रेमसंबंधातून’ हे कारण नव्हे. प्रेमसंबंधातून तिने विश्वास ठेवला. फोटो त्याने टाकले ते दुसऱ्याच कशातून तरी.

खटला चालू आहे, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. वहीत गेल्या महिन्यात तिसावी नोंद झाली. भाचीने ती स्वतः केली, माझा पुठ्ठा लावून, आणि मला संध्याकाळी सांगितलं.

हे पत्र पाठवण्याआधी तिला वाचायला दिलं. तिने दोन वाक्यं पूर्ण खोडली, ती कुठली ते सांगणार नाही. एका ठिकाणी माझ्याच हातून ‘तिचे फोटो व्हायरल झाले त्या आठवड्यात’ असं लिहून गेलं होतं. माझंच लाल पेन घेऊन तिने त्याखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं : ‘कर्ता?’

पत्र लांबलं आहे, कात्री लावावी लागेल ते समजते. ठशाचा, पुठ्ठ्याचा आणि अठराच्या खालच्या मुलांचा परिच्छेद तेवढा ठेवावा. माझं नाव छापू नये. लाज वाटते म्हणून नव्हे. माझ्या नावावरून तिच्यापर्यंत दोन पावलांत पोचता येतं.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक
(नाव व पत्ता आपल्याकडे स्वतंत्रपणे कळवला आहे.)